नोंद तारखेची, दुखणे मुलीचे : निवासी शाळेतील परिचारिकेच्या जबाबदारीचे एक प्रकरण

प्रकरणाविषयी

हे प्रकरण सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका निवासी शाळेतील आहे. शाळा, गाव आणि तालुका यांची नावे येथे दिलेली नाहीत, मुलीचे नाव बदलले आहे आणि ओळख पटू शकेल असे काही तपशील वगळले आहेत. मुलीचे वडील आणि शाळेची परिचारिका या दोघांनीही हे लिहिण्यास संमती दिली. मी सामुदायिक आरोग्य परिचर्या हा विषय शिकवते आणि ही परिचारिका माझी विद्यार्थिनी होती. त्यामुळे या लेखनात पूर्ण तटस्थता असेल असा दावा मी करत नाही. घटनेनंतर दीड महिन्याने तिच्या बोलावण्यावरून मी शाळेत तीन दिवस राहिले, नोंदवह्या पाहिल्या, मुख्याध्यापक, वसतिगृहाच्या अधीक्षिका, मुली आणि पालक यांच्याशी बोलले. मार्चच्या अखेरीस पुन्हा एकदा जाऊन आले.

पार्श्वभूमी

शाळेत सहावी ते बारावीची सुमारे चारशे मुले-मुली राहतात. बहुतेक जण पावरा आणि भिल्ल कुटुंबांतील आहेत. घरी ती पावरी किंवा भिली बोलतात आणि शाळेत आल्यावर मराठीला सरावतात. सर्वांत जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र अकरा किलोमीटरवर आणि क्ष-किरण तपासणीची सोय असलेले उपजिल्हा रुग्णालय अडतीस किलोमीटरवर आहे.

परिचारिका जी.एन.एम. (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्येची पदविका) झालेली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेली आणि कंत्राटी पदावर नेमलेली आहे. शाळेत येण्यापूर्वी दोन वर्षे तिने एका खासगी रुग्णालयाच्या वॉर्डात काम केले होते. तिच्या नियुक्तिपत्रात कामाचे वर्णन एका ओळीचे होते : ‘विद्यार्थ्यांच्या आरोग्याची देखभाल करणे.’ या एका ओळीत दररोज तीस-चाळीस मुलांना तपासून गोळ्या देणे, आठवड्याची लोहगोळी आणि जंतनाशक गोळी खाऊ घालणे, उंची-वजन घेणे, खरूज-नायट्याच्या साथी आवरणे, मुलींना सॅनिटरी पॅड देणे, स्वयंपाकघराची पाहणी करणे हे सारे येत होते. आणि लिपिक रजेवर गेला की ऑनलाइन हजेरी भरणेही येत होते. शाळेतील परिचारिका नेमकी कशासाठी असते, हे लिहून ठेवलेले नसले की मोकळा दिसेल त्या माणसाला मोकळे दिसेल ते काम मिळते, हा माझा अनेक शाळांमधला अनुभव आहे.

या भागात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. रक्तातील हिमोग्लोबिनच्या जडणघडणीतील एका जन्मजात बदलामुळे तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडताच विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातून हाडे, सांधे, पोट आणि छातीत असह्य वेदना उठतात आणि पेशी लवकर फुटत असल्याने रक्तक्षय व कावीळही दिसते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. वाहकाला सहसा कोणताही त्रास होत नाही. महाराष्ट्रात रुग्णाला लाल आणि वाहकाला पिवळे कार्ड दिले जाते, आणि गावोगाव या आजाराला नुसते ‘सिकल’ म्हणतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींच्या तपासणीला वेग आला. हे प्रकरण त्यानंतरच्या हिवाळ्यातील आहे.

समस्या : पाच भेटी, पाच ओळी

रविता आठवीत होती, वय तेरा. जुलै ते डिसेंबर या काळात ती आरोग्य कक्षात पाच वेळा आली. नोंदवहीत रकाने होते : दिनांक, नाव, इयत्ता, तक्रार, दिलेले औषध, सही. जुलैत ताप. ऑगस्टमध्ये हात-पाय दुखणे. सप्टेंबरमध्ये पोटात डावीकडे दुखणे. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा पाय दुखणे, आणि त्या ओळीशेजारी क्रीडाशिक्षकांच्या सांगण्यावरून पेन्सिलीने लिहिलेले ‘व्यायाम टाळते’. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही गुडघे दुखणे, आणि त्यापुढे परिचारिकेच्या अक्षरात ‘डोळे पिवळसर?’ असे प्रश्नचिन्हासह. औषधाच्या रकान्यात पाचही वेळा पॅरासिटामॉल.

या पाच ओळी मी एका कागदावर एकाखाली एक उतरवून परिचारिकेसमोर ठेवल्या, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. एकत्र वाचल्या तर सातपुड्यात काम करणाऱ्या कोणत्याही आरोग्य कर्मचाऱ्याच्या मनात पहिला विचार सिकलसेलचाच येईल. पण नोंदवहीत त्या एकत्र नव्हत्याच. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मध्ये इतर मुलांच्या सातशेहून अधिक ओळी होत्या. नोंदवही दिवसाचा हिशेब ठेवत होती. मुलीचा हिशेब कोठेही ठेवला जात नव्हता.

पिवळसर डोळ्यांची शंका आल्यावर परिचारिकेने रविताला भेटीस येणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवायचे ठरवले होते. ते महिन्यातून एकदा येत. ते आले त्या दिवशी रविताची चाचणी परीक्षा होती, तिला वर्गातून सोडले गेले नाही, आणि तो विषय तेथेच थांबला.

याहून मोठी गोष्ट नंतर उघड झाली. आदल्या वर्षी शाळेत सिकलसेलची प्राथमिक तपासणी झाली होती. ही सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. मूल रुग्ण आहे की वाहक हे तिच्यावरून ठरत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी करावी लागते. शाळेच्या कार्यालयातील एका फायलीत एकतीस नावांची ‘पॉझिटिव्ह’ यादी लावलेली होती. त्यांतील बारा मुलांच्या पुढील तपासणीचे अहवाल जोडलेले होते, एकोणीस मुलांचे नव्हते. रविताचे नाव त्या एकोणीस जणांत होते. परिचारिका शाळेत रुजू झाली ती तपासणीनंतर. ही फाईल तिला कोणी दाखवली नाही, आणि आपल्या आधी काय काय झाले आहे ते तिनेही विचारले नाही.

त्या रात्रीचा निर्णय

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री पावणेदहाच्या सुमारास दोन मुली रविताला धरून आरोग्य कक्षात घेऊन आल्या. तिच्या छातीत आणि पाठीत दुखत होते. ताप १०१.८ अंश फॅरनहाइट, नाडी १२८, श्वास मिनिटाला ३४ आणि पल्स ऑक्सिमीटरवर ऑक्सिजनचे प्रमाण ९१ टक्के होते. शाळेत ऑक्सिजनची सोय नव्हती.

अधीक्षिकांचे म्हणणे होते की गोळी द्यावी आणि सकाळी पाहावे. त्यांच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. मुख्याध्यापकांच्या परवानगीशिवाय मुलीला रात्री आवाराबाहेर नेऊ नये असा शाळेचा नियम होता, मुख्याध्यापक बैठकीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता, शाळेच्या गाडीचा चालक घरी गेला होता. त्याआधीच्या महिन्यात पोटदुखीच्या एका मुलीला असेच रात्री नेले होते, तेथे ‘गॅस आहे’ म्हणून परत पाठवले गेले आणि दुसऱ्या दिवशी अधीक्षिकांना त्याचा जाब द्यावा लागला होता. त्यांच्या नकारामागे निष्काळजीपणा नव्हता, एकदा पोळल्याची भीती होती.

परिचारिकेसमोर चार वाटा होत्या. पहिली, तापाची गोळी देऊन रात्रभर लक्ष ठेवायचे. यात नियम पाळला गेला असता, पण ऑक्सिजन आणखी घसरला असता तर हातात काहीच उरले नसते. दुसरी, आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना फोन करून सल्ला घ्यायचा. तो तिने केला, पण फोन उचलला गेला नाही. तिसरी, गावातील एखादी जीप भाड्याने घ्यायची. ती लवकर मिळाली असती, पण वाटेत ऑक्सिजन नाही आणि सोबत डॉक्टर नाही. चौथी, १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवायची, आणि परवानगी नंतर सांभाळायची.

निर्णय फिरला तो एका प्रश्नामुळे. रविताला घेऊन आलेल्या मुलींपैकी एक तिच्याच पाड्यावरची, अकरावीतली होती. परिचारिकेने तिला सांगितले, ‘तिला तुमच्या भाषेत विचार, घरात कोणाला सिकल आहे का?’ मुलीला रविताला विचारायचीही गरज पडली नाही. ती म्हणाली, ‘हिच्या मामाच्या पोराकडे लाल कार्ड आहे, सिस्टर. आणि हिचा लहान भाऊ असाच दुखून दुखून गेला.’

परिचारिकेने दहा वाजून पाच मिनिटांनी १०८ ला फोन केला. मुख्याध्यापकांना तिने मोबाइलवर संदेश लिहिला : मुलीची स्थिती, मोजलेले आकडे, सिकलसेलचा संशय आणि आपण परवानगीची वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवत आहोत हे स्पष्ट शब्दांत. मग तिने संदर्भचिठ्ठी लिहिली. वाट पाहताना रविताला टेकून बसवले, अंगावर दोन ब्लँकेट घातली, पाणी घोटाघोटाने पाजले आणि दर दहा मिनिटांनी श्वास, नाडी व ऑक्सिजन मोजून वेळेसह नोंदवले. रुग्णवाहिका दहा पन्नासला आली. अधीक्षिका, ज्या तोवर दारात उभ्या होत्या, स्वतःहून शाल घेऊन गाडीत बसल्या.

रुग्णालयात

क्ष-किरण चित्रात उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात सावली होती. डॉक्टरांनी याला ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम, म्हणजे सिकलसेलमध्ये फुप्फुसात उद्भवणारी गंभीर गुंतागुंत, म्हटले. सिकलसेलच्या रुग्णात ताप, छातीत दुखणे आणि ऑक्सिजन कमी होणे एकत्र दिसले तर ही शक्यता धरूनच चालावे लागते, कारण काही तासांत स्थिती बिघडू शकते. हिमोग्लोबिन ६.४ ग्रॅम, म्हणजे खूपच कमी होते. ऑक्सिजन, प्रतिजैविके, वेदनाशामके आणि एक पिशवी रक्त दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी तिचा श्वास सुधारला, आठव्या दिवशी तिला घरी सोडले. रक्त देण्यापूर्वी घेतलेल्या नमुन्याच्या एचपीएलसी तपासणीत ती सिकलसेल रुग्ण असल्याचे निश्चित झाले.

रविताचे वडील दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचले. आदल्या वर्षीच्या तपासणीच्या संमतिपत्रावर त्यांचा अंगठा होता. निकाल मात्र त्यांना कधीच कळला नव्हता. त्यांनी परिचारिकेला एवढेच विचारले, ‘ताई, रक्त घेतलं तेव्हा काय निघालं ते आम्हाला कोण सांगणार होतं?’ या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी कोणाकडेही नव्हते.

न्यूयॉर्कमध्ये १९०२ साली शालेय परिचारिकेचे काम सुरू झाले ते अगदी याच त्रुटीतून. डॉक्टर शाळांमध्ये येत, खुपरी किंवा नायटा झालेली मुले शोधत आणि त्यांना घरी पाठवून देत. घरी पाठवल्यावर पुढे काय, हे कोणी पाहत नसे आणि मुले शाळेबाहेरच राहत. हेन्री स्ट्रीट सेटलमेंटच्या लिलियन वॉल्ड यांनी त्या ऑक्टोबरात लीना रॉजर्स या परिचारिकेला चार शाळांमध्ये पाठवले. तिने शाळेतच औषधोपचार केले, मुलांच्या घरी जाऊन आयांना समजावले, आणि तिचे काम पाहून शहराने आणखी परिचारिका नेमल्या. आपल्याकडे शालेय मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ मध्ये बडोद्यात झाल्याची नोंद आहे, आणि २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ पालघरमधून झाला. तपासण्यांची आपली परंपरा लहान नाही. तपासणीत सापडलेले मूल आणि त्याचा उपचार यांच्या मधले अंतर चालून जाणारी व्यक्ती म्हणजे परिचारिका, आणि ती साखळी या शाळेत एका फायलीत तुटली होती.

परतल्यानंतरचा दुसरा निर्णय : यादी

जानेवारीत रविता शाळेत परतली. मुख्याध्यापक हादरले होते आणि त्यांना मनापासून काहीतरी करायचे होते. कार्यालयातील यादीतील एकतीसही नावे शिक्षक कक्षातील फळ्यावर लावावीत, म्हणजे कोणत्याही शिक्षकाकडून चूक होणार नाही, असे त्यांनी परिचारिकेला सांगितले. तिने तोंडी नकार दिला. मुख्याध्यापकांना तो उद्धटपणा वाटला आणि दोन आठवडे दोघांमध्ये ताण राहिला.

हा निर्णय मला त्या रात्रीच्या निर्णयाइतकाच महत्त्वाचा वाटतो. रात्री धोका समोर दिसत होता, मोजता येत होता. यादीचा धोका दिसत नाही. शिक्षक कक्षात मुले खडू आणायला येतात, वह्या ठेवायला येतात. एका आठवड्यात ती नावे वसतिगृहात आणि होळीच्या सुट्टीत पाड्यांवर पोहोचली असती. एकतीसांपैकी बहुतेक वाहक असणार हे उघड होते आणि वाहकाला आजार नसतो. तरी ‘सिकलवाली’ हा शिक्का मुलीच्या लग्नापर्यंत तिच्या मागे येतो, हे त्या भागातील प्रत्येकाला माहीत आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या आचारसंहितेत रुग्णाच्या माहितीची गोपनीयता राखणे हे परिचारिकेचे कर्तव्य सांगितले आहे, आणि रुग्ण तेरा वर्षांची शाळकरी मुलगी असली म्हणून ते कर्तव्य हलके होत नाही.

उलट बाजूही खरी होती. क्रीडाशिक्षकांना काहीच माहीत नसल्यानेच रविताला थंडीच्या पहाटे मैदानाला फेऱ्या माराव्या लागल्या होत्या. कोणालाच काही न सांगणे हेही मुलीच्या हिताचे नव्हते.

मी तेथे होते तेव्हा आम्ही तिघांनी, मुख्याध्यापक, परिचारिका आणि मी, एक पूर्ण दुपार यावर घालवली. शेवटी प्रश्न असा मांडला की उत्तर सोपे झाले : कोणत्या व्यक्तीला कोणत्या मुलाबद्दल काय करता यावे यासाठी किती माहिती लागते? वाहक मुलांबद्दल शिक्षकांना काहीही कळण्याची गरज नव्हती. ती माहिती मूल, पालक आणि आरोग्य कक्ष यांच्यातच राहील असे ठरले. रुग्ण मुलांसाठी पालकांच्या संमतीने वर्गशिक्षक, क्रीडाशिक्षक आणि अधीक्षिका यांना प्रत्येक मुलाचे एक पान देण्यात आले. त्यात आजाराचे वर्णन नव्हते, कृती होत्या : पाणी मागितल्यास किंवा लघवीला जायचे असल्यास केव्हाही सोडावे, दमल्यास बसू द्यावे, ताप, छातीत दुखणे, धाप, पोट अचानक फुगणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे किंवा बोबडी वळणे यांपैकी काहीही दिसल्यास ताबडतोब परिचारिकेला आणि ती नसल्यास १०८ ला कळवावे.

इतर कार्यवाही

काही उपाय सर्व मुलांसाठी केले, म्हणजे कोणालाही वेगळे पडल्यासारखे वाटणार नाही. पाण्याची सुट्टी सकाळच्या कवायतीत आणि दुपारच्या तासांमध्ये सर्वांसाठी सुरू झाली. थंडीत कवायत ऊन पडल्यावर घेण्याचे ठरले. आंघोळीला कोमट पाणी मिळावे म्हणून बंद पडलेला सौर बंब दुरुस्त करून घेतला गेला.

पाण्याबाबत परिचारिकेला जे सापडले ते मला आजही अस्वस्थ करते. पाणी कमी पिणे हे सिकलसेलमधील वेदनेच्या झटक्याचे एक मोठे कारण आहे, म्हणून ती मुलींना रोज ‘पाणी प्या’ असे सांगत होती आणि मुली माना डोलावत होत्या. एका संध्याकाळी ती जेवणानंतर त्यांच्यासोबत बसून राहिली, तेव्हा लक्षात आले की पाच वाजल्यानंतर बहुतेक मुली पाणी पीतच नाहीत. शौचालये वसतिगृहाच्या मागे, पन्नास पावलांवर होती आणि त्या वाटेवरचा दिवा दोन वर्षांपासून बंद होता. रात्री अंधारात जावे लागू नये म्हणून मुली तहान मारत होत्या. आरोग्यशिक्षणाची पंचवीस व्याख्याने जे करू शकली नसती ते वाटेवरच्या दोन दिव्यांनी केले. मुख्याध्यापकांनी ते चार दिवसांत बसवून घेतले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

नोंदींची पद्धत बदलली. दैनंदिन नोंदवही राहिली, पण प्रत्येक मुलाचे स्वतंत्र आरोग्यपत्रक तयार झाले आणि वर्गवार खोक्यांत, कुलूपबंद कपाटात ठेवले गेले. एका सत्रात तीनदा आलेले मूल, मग तक्रार कोणतीही असो, डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत दाखवायचेच, आणि त्या दिवशी परीक्षा असेल तर परीक्षेनंतर डॉक्टरांना थांबवायचे, असा नियम झाला.

आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी स्थायी सूचना लिहून सही करून दिल्या. कोणती औषधे, कोणत्या वजनाला किती, परिचारिकेने डॉक्टरांना न विचारता द्यावीत आणि कोणत्या लक्षणांना रात्री-बेरात्री रुग्णालयात पाठवावे हे त्यांत आहे. पाठवण्याच्या निर्णयाला मुख्याध्यापकांच्या पूर्वपरवानगीची गरज नाही, फक्त कळवणे आवश्यक आहे, असे शालेय व्यवस्थापन समितीच्या ठरावात नोंदवले गेले. लोहगोळीचा प्रश्नही याच वेळी निघाला. रविता इतर मुलींबरोबर दर आठवड्याला निळी गोळी घेत होती. सिकलसेलमधील रक्तक्षय लोहाच्या कमतरतेमुळेच झालेला असतो असे नाही आणि रक्त भरलेल्या रुग्णात लोह शरीरात साठण्याचा धोका असतो. परिचारिकेने ती गोळी स्वतःच्या अधिकारात बंद केली नाही. तिने डॉक्टरांना लेखी विचारले, त्यांनी लोहाची तपासणी होईपर्यंत गोळी थांबवून रोजचे फॉलिक ॲसिड सुरू ठेवण्यास सांगितले आणि ते उत्तर पत्रकाला जोडले गेले.

निष्पत्ती

उरलेल्या अठरा मुलांची तपासणी फेब्रुवारीत पूर्ण झाली. सोळा वाहक निघाले, दोन रुग्ण. त्या दोघांपैकी एका सातवीतील मुलाला आजवर ‘सांधेवात’ म्हणून तेल लावले जात होते. निकाल प्रत्येक पालकाला समोर बसवून, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या आशाताईच्या मदतीने सांगितला गेला. वाहक मुलांच्या पालकांना हे दोनदा सांगावे लागले की मूल आजारी नाही.

रविताला जिल्हा रुग्णालयातून हायड्रॉक्सीयुरिया हे वेदनेचे झटके कमी करणारे औषध सुरू झाले. ते रोज घ्यावे लागते आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी करावी लागते; त्या तारखा परिचारिकेच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर नाव न लिहिता नुसत्या खुणेने नोंदलेल्या आहेत. जानेवारी ते मार्च या काळात तिला पाय दुखण्याचा एकच झटका आला आणि तो भरपूर पाणी, शेक आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या औषधाने शाळेतच आवरला.

मात्र होळीच्या दहा दिवसांच्या सुट्टीसाठी मोजून दिलेल्या दहा कॅप्सूलपैकी सहा परत आल्या. परिचारिकेने रागावण्याऐवजी कारण विचारले. होळीच्या आधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजारासाठी घर पाहुण्यांनी भरलेले होते, आणि एका मावशीने सर्वांसमोर विचारले होते की ही पोर रोज कसले औषध घेते. त्यानंतर रविताने घेणे सोडले. तिच्या मनावरचा हा भार कोणत्याही पत्रकात मावत नाही. त्यानंतर सुट्टीत कॅप्सूल कोणत्या वेळी, घरात कोणाजवळ आणि कोणी विचारलेच तर काय उत्तर द्यायचे, हे ती स्वतःच ठरवते आणि परिचारिका फक्त लिहून घेते.

वेगळे काय करता आले असते

‘घरात कोणाला सिकल आहे का?’ हा प्रश्न जुलैतील पहिल्या भेटीत विचारता आला असता. प्रवेशाच्या दिवशी, पालक सोबत असताना, विचारता आला असता. त्यासाठी ना यंत्र लागते, ना पैसा. मुलीची भाषा बोलणारी एक व्यक्ती लागते, आणि अशा चारशे व्यक्ती त्या आवारातच राहत होत्या.

त्या रात्री पावणेदहा ते दहा पाच ही वीस मिनिटे मुख्याध्यापकांचा आणि डॉक्टरांचा फोन लावण्यात गेली. परिचारिकेच्या मते १०८ ला आधी फोन करून मग परवानगी शोधता आली असती, कारण आलेली रुग्णवाहिका परत पाठवता येते. मला ते पटते. तरीही तेव्हा तिच्या हातात लेखी अधिकार नव्हता, आणि कंत्राटी कर्मचाऱ्याला नोकरीची भीती वाटणे स्वाभाविक आहे. अधिकार लिहून न देता धैर्याची अपेक्षा करणे हा तिच्यावर अन्यायच होता.

यादीच्या बाबतीत तिचा नकार योग्य होता, पण रीत चुकली असे ती स्वतः म्हणते. ‘नाही’ म्हणताना ‘त्याऐवजी हे करू’ असा लेखी पर्याय त्याच दिवशी ठेवला असता तर दोन आठवड्यांचा ताण टळला असता, आणि त्या दोन आठवड्यांत क्रीडाशिक्षकांना रविताबद्दल काहीच कळले नव्हते हा धोकाही टळला असता.

रुजू होताना तिने आधीच्या कर्मचाऱ्याकडून कामाचा ताबा मागितला नाही आणि कार्यालयाने दिला नाही. रुग्णालयात प्रत्येक पाळी बदलताना परिचारिका रुग्णागणिक ताबा देतात-घेतात. शाळेत तशी पाळी नसल्याने ही सवय सुटली. ताबा घेण्याची सवय मी तिला वॉर्डासाठी शिकवली होती, शाळेसाठी नाही. नोंदवही कशी भरायची तेही मी शिकवले होते. भरलेली नोंदवही महिन्यातून एकदा मुलागणिक परत वाचायची असते, हे शिकवले नव्हते. यंदापासून माझ्या वर्गात विद्यार्थिनींना नावे काढून टाकलेल्या नोंदवहीची वीस पाने दिली जातात आणि त्यांतून एकच मूल शोधून काढायला सांगितले जाते.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. शाळेत परिचारिका एकच आहे. मार्चमध्ये ती आईच्या शस्त्रक्रियेसाठी सहा दिवस रजेवर गेली, तेव्हा कपाटाची किल्ली आणि रुग्ण मुलांच्या औषधांची जबाबदारी अधीक्षिकांनी घेतली. त्यांनी कॅप्सूल वेळेवर दिल्या, प्रत्येक वेळी सही केली, आणि तिसऱ्या रात्री सातवीतल्या त्या मुलाला ताप आला तेव्हा कोणाचीही वाट न पाहता १०८ ला फोन केला. पण ताप मोजताना त्यांचे हात थरथरत होते, असे त्यांनीच मला सांगितले. बदली परिचारिका मिळावी असे पत्र मुख्याध्यापकांनी वरिष्ठ कार्यालयाला पाठवले आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्याचे उत्तर आलेले नव्हते.